मालन पाळीव आहे

९ फेब्रुवारी १९८६, रविवार

गाढव आणलं!

लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण आणलं. घरामागे जांभळाच्या झाडाला बांधलंय आणि आत्ता माझ्याकडे बघत रद्दीचा पेपर चघळतंय. चघळतेय. बाई आहे.

खरं म्हणजे आज कुत्रा यायचा होता. रतनच्या कंपनीतल्या धाकूची अल्सेशियन व्यालीय, तिचं पिल्लू आणायला तो भांडुपला जाणार होता. आमची लेक शेवंती लग्न होऊन मालाडला गेली, रतनची सेकंड शिफ्ट, मी घरात एकटी — म्हणून कुत्रा. माझी काही हरकत नव्हती.

सकाळी टेकडीखाली भाजीला गेले. नव्या बिल्डिंगचं काम संपलंय. रेती वाहणारे वडार लोक गाढवं घेऊन निघाले होते. एक गाढवीण मागेच उभी. पाठीवर तळहाताएवढी जखम, तिच्यावर माशा. मागचा एक पाय टेकत नव्हती. त्यांच्यातल्या सोनूबाईला मी ओळखते, आमच्या मॅटर्निटी होममध्ये तिच्या सुनेचं बाळंतपण झालं होतं. तिला म्हटलं, अगं ही राहिली ना! ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ती आता कामाची नाय. कुत्री बघतील तिच्याकडं."

कामाची नाही! एवढं ऐकलं आणि डोकं सणकलं. म्हटलं, "मला दे."

"काय करनार बाई?"

"पाळणार."

सोनूबाई हसून हसून खाली बसली. मग उठली, माझ्या हातात दोरी दिली. तेव्हा मात्र हसत नव्हती.

टेकडी चढायला आम्हाला तासभर लागला. दारादारांत माणसं. रतन शर्ट घालून निघायच्या तयारीत. त्याला म्हटलं, कुत्रा नको आता.

"शकु, हे गाढव आहे."

"मला दिसतंय."

शर्ट काढून आडवा झाला. अजून बोललेला नाही.


११ फेब्रुवारी, मंगळवार

एकोणीस वर्षं आया म्हणून काढली, त्याचा आज उपयोग झाला. जखमेत अळ्या होत्या. टर्पेंटाईनचा बोळा घातला, अळ्या काढल्या, धुतलं, जांभळं औषध लावलं. पायाच्या खुरात खडीचा तुकडा अडकला होता — चिमट्याने ओढला तर सुपारीएवढा निघाला! एवढा दगड पायात घेऊन ही बाई रेती वाहत होती.

लाथ मारील म्हणून सगळे लांब उभे. मारली नाही. डोळे मिटून उभी होती, कान तेवढे थरथरत होते.

नाव ठेवलं — मालन.


१६ फेब्रुवारी, रविवार

रतन बोलला. सात दिवसांनी. म्हणाला, "कंपनीत मला धोबी म्हणायला लागलेत."

मी म्हटलं, मग इस्त्री करून दे त्यांचे कपडे.

हसू आलं होतं त्याला. दाबलं.

चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. इथे रतन. ही डायरी त्याच्याच कंपनीची, पण तो उघडणार नाही. पहिली चाळीस पानं कोरी गेली. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, आता घडतंय.


२ मार्च, रविवार

मालन चारी पाय टेकते!

आणि ओरडते. पहाटे पाच म्हणजे पाच. आधी घशात आरा चालवल्यासारखं, मग सगळी टेकडी हलेल असं. शेजारची चंपा भांडायला आली — "शकुताई, काय वाट लावलीय झोपेची!" मी म्हटलं, साडेपाचला नळाला पाणी येतं, जानेवारीत दोनदा तुझं चुकलं होतं, मालन आल्यापासून एकदा तरी चुकलं का? जाताना म्हणते, "आता रविवारी तरी जरा उशिरा ओरडायला सांग तिला."


१५ मार्च, शनिवार

जखम भरत आली. पाठीवर जांभळा डाग, लांबून झूल घातल्यासारखा दिसतो.

आज चंपाचा नवरा आला. घराला कोबा घालायचाय, सिमेंटची गोणी खालून आणायचीय, मालनला नेऊ का? मी नाही म्हटलं. "पाठ भरल्यावर?" भरल्यावरही नाही.

"मग गाढवाचा उपयोग काय?"

"तुमच्या पोपटाचा उपयोग काय?"

"तो बोलतो."

"ही ऐकते."

त्याला पटलं नाही. न पटू दे. आज कागदावर लिहून ठेवते, म्हणजे माझंच मन उद्या डळमळायला नको: मालनच्या पाठीवर काही ठेवायचं नाही. कधीच नाही. तिचं ओझं वाहून झालं. माझ्या आईने डोक्यावरून दगड वाहिले, मानेतली गाठ शेवटपर्यंत गेली नाही. आई कुणाच्या दारात नुसती उभी राहिलेली मला आठवत नाही. मालन राहील.


२० एप्रिल, रविवार

मी ड्युटीवरून आले की ती मला पायऱ्यांवरूनच ओळखते. शंभर माणसं चढतात-उतरतात, पण माझ्या चपलांना कान वळतात. दारात पोचले की कपाळ माझ्या पोटावर टेकवून उभी राहते. जोर लावत नाही. नुसतं टेकवते.

कुत्रा शेपूट हलवतो, उड्या मारतो, सगळ्या घराला सांगतो. हिचं तसं नाही. हिचं कळायला जवळ जावं लागतं.


११ मे, रविवार

शेवंती आली होती, जावईही. तिने मालन बघितली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी चोरीच केलीय.

"आई, सासरी काय सांगू मी?"

"सांग, आईने गाढव पाळलंय."

"हळू बोल ना!"

"का हळू? मोठ्याने सांग."

जावई मागे गेले, मालनला कलिंगडाची साल घालून आले. म्हणाले, "काय डोळे आहेत हो हिचे! काजळ घातल्यासारखे." शेवंतीचं तोंड बघण्यासारखं झालं.

निघताना तीही गेली मागे. काय केलं बघितलं नाही. पण पदराला गवत लागलेलं होतं.


८ जून, रविवार

कमिटीची मीटिंग झाली. विषय एकच — माझं गाढव.

विद्याधर पेडणेकर सेक्रेटरी. काडीसारखा माणूस, पण रजिस्टर घेऊन बसला की टेकडी त्याच्या मालकीची. वाईट नाहीत. पायऱ्या, दिवे, संडासांचं काम त्यांनीच करून घेतलं. पण शोभा हवी. म्हणाले, "ही वस्ती आहे, उकिरडा नाही. पाहुणे येतात ते हसतात. उद्या प्रत्येकाने काय काय बांधायचं दारात?"

मी म्हटलं, हसू देत. हसण्याने कुणाचं छप्पर गळत नाही. घाण मी रोज उचलते, कुठे लीद पडलेली असली तर दाखवावं.

कुणी दाखवलं नाही. पण अर्ज तयारच होता. वॉर्ड ऑफिसला द्यायचा. "ओझ्याचे जनावर वस्तीत ठेवून धंदा करीत आहेत" — धंदा! पेडणेकर म्हणाले, अर्जात असंच लिहावं लागतं, नाहीतर कुणी दखल घेत नाही.

बावीस सह्या. चंपाची पण.

रतन तिथे होता. घरी येऊन जेवला नाही.

मी रडले नाही. मालनच्या अंगाला ब्रश केला. जुना कपड्यांचा ब्रश. चकाकायला लागली. उद्या दारात उभी करणार आहे, बावीसजणांना दिसायला हवी.


२२ जून, रविवार

अर्ज दिला म्हणे. पेडणेकरांची बायको जानकी येऊन सांगून गेली, खालच्या मानेने. पदराखालून कोबीचा पाला काढून मालनपुढे टाकला. "हेंका सांगू नको हां गो."


१५ जुलै, मंगळवार

कितीही उशीर होवो, आजच लिहायचं.

तीन दिवस पाऊस. वरचं गटार फुटलं, पाणी पायऱ्यांवरून वाहतंय, मधल्या दोन पायऱ्याच गेल्या. सकाळी साडेदहाला जानकी अनवाणी धावत आली. "शकु गो, धाव! हेंचो पाय मोडलो!"

पेडणेकर गटार बघायला वर आले होते, आमच्या घरापलीकडेच घसरले. नडगी वाकडी झालेली. कातडी फाटली नव्हती, पण मी पाऊल हातात घेतलं तर गार. एवढी वर्षं सिस्टरांच्या हाताखाली काढलीत — गार पडणारं पाऊल म्हणजे वेळ नाही. त्यांचीच रजिस्टर आखायची लाकडी पट्टी आणि माझ्या घरातलं लाटणं, दोन्ही बाजूंनी लावून साडीच्या पट्ट्यांनी पाय बांधला.

आता खाली न्यायचं कसं? बाप्ये सगळे कामावर. रतन घरी होता आणि खालच्या घरातले, साठी उलटलेले भाऊराव. दोघांनी खुर्चीत बसवून उचललं. गल्ली एका माणसापुरती, चिखल गुडघ्याशी. तिसऱ्या पायरीवर भाऊराव घसरले. खुर्ची, पेडणेकर, भाऊराव — सगळे खाली! पेडणेकर असे ओरडले — "आवशी गे, मेलंय!"

जानकीने मान वळवून मालनकडे बघितलं. तोंडाने मागायची तिची हिंमत नव्हती.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते इथे तरी खरं लिहिते. मनात आलं — अर्ज दिलात ना? मग उतरा पायांनी! हे आलं. अगदी स्पष्ट आलं. मग पाऊल बघितलं, बोटं निळसर व्हायला लागली होती.

मी गोधडीची चौपदरी घडी केली आणि मालनच्या पाठीवर ठेवली. पंधरा मार्चला लिहिलेला शब्द पंधरा जुलैला मोडला. तिने मान वळवून घडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, एकदाच गं. फक्त आज.

तर पेडणेकर बसायला तयार नाहीत! पाय मोडलेला, घाम फुटलेला, आणि — "गाढवावर? सगळ्या टेकडीदेखत? मी मरेन इथे, पण बसणार नाही!"

जानकी पुढे झाली. "गपचूप चढ! पाय म्हत्त्वाचो की मान?"

रतनने त्यांना उचलून बसवलं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडावर ओढून घेतला. मी तो काढला. म्हटलं, "भाऊ, तोंड झाकलंत तर धिंड दिसेल. उघड्या तोंडाने बसा, पेशंट दिसाल."

बसले. ताठ बसले.

रतनने दोरी ओढली, मालन हलेना. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि पुढे चालायला लागले. आली. एका बाजूने रतन त्यांना धरून, मागे जानकी छत्री घेऊन. आणि काय उतरली ती! गेलेल्या पायऱ्यांपाशी थांबली, खाली वास घेतला, पुढचा खूर टाकून चिखल चाचपला, परत उचलला, दुसरीकडे टाकला, मग भार दिला. माणसाला एवढी अक्कल नाही. मी दोनदा पडता पडता वाचले, ती एकदाही सरकली नाही.

दारादारांत बायका उभ्या. मला वाटलं होतं हसतील. कुणी हसलं नाही. कुणी वाटेतली बादली उचलून घेतली, कुणी मोरीवरची फळी आणून चिखलात टाकली. चंपा म्हणाली, "सांभाळून हां भाऊ." आणि मग मालनलाही म्हणाली, "सांभाळून गं."

निम्म्या वाटेत पेडणेकरच म्हणाले, "शकुबाई, थांबवा तिला जरा. धाप लागलीय तिला. मला मांड्यांना कळतंय." आम्ही थांबलो. त्यांनी वाकून तिच्या मानेवर हात ठेवला. ती दम घेईपर्यंत तो तसाच ठेवला. स्वतःचा पाय तसा लोंबकळत असताना हा माणूस तिच्यासाठी थांबला. माझ्या मनात जे आलं होतं त्याची मला लाज वाटली.

खाली रिक्षा मिळाली. रतन सोबत गेला. जाण्याआधी मालनच्या तोंडावरून हात फिरवून गेला — मी बघितलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

संध्याकाळी निरोप आला. प्लास्टर घातलंय, पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

माझी मालन!


१७ जुलै, गुरुवार

पाठीवरची नवी कातडी जरा लाल झालीय. उघडली नाही. खोबरेल लावलं. दोन दिवस नुसती उभी आहे, पण खातेय खूप.

रतन म्हणतो, कंपनीत आज त्याने स्वतःहून सांगितलं सगळं. पॅकिंगच्या सगळ्या लोकांना. "मग कुणी धोबी म्हटलं?" "धाकू म्हणाला, असला कुत्रा माझ्याकडे नाही."


२४ जुलै, गुरुवार

वॉर्ड ऑफिसचं पत्र. धंद्यासाठी ठेवलेलं ओझ्याचं जनावर वस्तीतून हलवा, नाहीतर उचलून नेऊ. मुदत सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत.

अर्ज आता लागू झालाय, आणि देणारा प्लास्टरमध्ये! चंपा म्हणते, जा ना पेडणेकरभाऊंकडे, आता नाही म्हणणार नाहीत. मी जाणार नाही. पाय वाचवला त्याची परतफेड मागायला आले असं वाटेल. मालनने काही सौदा केला नव्हता.

रतनही म्हणाला, नको जाऊस. आपण दुसरं काही बघू.

काय बघणार?


१० ऑगस्ट, रविवार

मीटिंग लागली. पेडणेकरांनीच लावली. आमच्या दारासमोर. वर चढवत नाही म्हणून आम्हाला खाली बोलावलं नाही — दोन काठ्या घेऊन चढूनच आले! बाकावर बसले, प्लास्टरचा पाय समोर, मांडीवर रजिस्टर.

मला वाटलं आभार मानतील. ते तसले नव्हेत. चष्मा लावला आणि म्हणाले, "अर्जात चूक झालीय. माझी. अर्जात धंदा लिहिलंय, ओझ्याचं जनावर लिहिलंय. या बाईने एक गोणी तिच्यावर कधी ठेवली नाही. एकदाच ओझं ठेवलं, ते मी होतो. खोटी गोष्ट माझ्या सहीने ऑफिसात पडून राहणार नाही."

नवा अर्ज वाचून दाखवला. मला एक वाक्य पाठ झालंय: "सदर जनावर धंद्यासाठी अगर ओझ्यासाठी नसून पाळीव आहे."

पाळीव! टाईप केलेलं!

सह्यांना कागद फिरला. चंपाने सही केली आणि माझ्याकडे न बघता घरात गेली. मी मागून जाऊन तिला हाक मारली. दोघी रडलो, चहा प्यायलो.

एकूण सह्या एकेचाळीस. मागच्या वेळी बावीसच होत्या.


७ सप्टेंबर, रविवार

काल वॉर्ड ऑफिसचे साहेब येऊन गेले. भला माणूस, चढून चढून लाल झाला होता. पाणी प्यायला, फॉर्म काढला.

"मालकाचं नाव?"

"शकुंतला रतन ओव्हाळ." मी सांगितलं. रतन मागे उभा होता, त्याने आपलं नाव पुढे केलं नाही.

"जनावर?"

"गाढवीण. नाव मालन."

साहेबांनी एकदा वर बघितलं, लिहिलं. मग म्हणाले, "उपयोग?"

मी घुटमळले. एवढी भांडले सगळ्यांशी, आणि ऐन वेळी शब्द सुचेना! मागून रतन म्हणाला, "उपयोग काय साहेब, घरातली आहे."

साहेबांनी त्या रकान्यात रेघ मारली. सही केली आणि गेले.


५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सात वाजता मालनला शिंगरू झालं! काळंभोर, ओलं, चौथ्या प्रयत्नाला उभं राहिलं. रतन त्याला गोणपाटाने पुसतोय आणि सगळ्यांना दम देतोय, जवळ येऊ नका.

आणि मी, बाळंतपणांतच हयात गेलेली बाई, खाऊन खाऊन सुटलीय म्हणून तिचा भुसा कमी करत होते!

सोनूबाईच्या हातून घेतली तेव्हाच ती गाभण असणार. म्हणजे पंधरा जुलैला पेडणेकर पाठीवर होते, आणि हे पोटात. धाप लागली ती त्यामुळे. आणि मी तिला म्हटलं होतं, एकदाच गं.

दोघांना घेऊन उतरली. एक पायरी चुकली नाही.